कै. ड्यूड साहेब यांना विनम्र अभिवादन

मुलाचं नाव ठेवणं सोपं असतं. गुरुजी एक अक्षर काढून देतात, आत्या कानात कुर्र करते, आणि ज्याचं नाव ठेवायचं तो झोपलेला असतो. मित्र मंडळाचं तसं नाही. तिथे प्रत्येकजण आत्या असतो, प्रत्येकाला नुकतीच मिशी फुटलेली असते आणि झोपलेलं कोणीच नसतं. दोन हजार पाच साली आमच्या द्राक्षवेल कॉलनीतल्या पोरांनी मंडळ काढायचं ठरवलं, तेव्हा ही सगळी आत्यामंडळी माझ्याच ओट्यावर बसली होती. कारण त्यांचा म्होरक्या म्हणजे आमचे चिरंजीव स्वराज, आणि चहा आमच्या घरचा.

आमची कॉलनी नाशिकला गंगापूर रोडवर, आतल्या बाजूला. पूर्वी तिथे द्राक्षाच्या बागा होत्या. बागा तोडून प्लॉट पाडले आणि बिल्डरने पश्चात्ताप म्हणून कॉलनीला द्राक्षवेल असं नाव दिलं. आता वेल म्हणाल तर केबलवाल्याच्या वायरी तेवढ्या आहेत. या कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे. नकाशात तो बालोद्यान आहे. प्रत्यक्षात तिथे सकाळी पापड वाळतात, दुपारी क्रिकेट चालतं आणि संध्याकाळी माझ्यासारखे लोक देश चालवतात.

या प्लॉटवर आमचे नगरसेवक नाथाअण्णा यांच्या मेव्हण्याचा डोळा होता. मेव्हण्याचं पलीकडच्या गल्लीत लग्नाचं लॉन्स होतं आणि त्या लॉन्सला पार्किंग नव्हतं. हातात मोजायची टेप घेऊन तो प्लॉटभोवती फिरायला लागला, तेव्हाच शहाण्यांनी काय ते ओळखलं. आपल्याकडे नकाशातल्या बागेवर कोणीही गाडी लावतो, पण गणपती बसलेल्या जागेवर गाडी लावायची कोणाची छाती होत नाही. म्हणून मंडळ. मंडळाची नोंदणी नसेल तर मांडवाला परवानगी नाही, आणि चतुर्थी तर तोंडावर आलेली. यंदा गणपती बसला नाही तर दिवाळीनंतरच्या पहिल्या मुहूर्ताला प्लॉटवर वऱ्हाडाच्या जीपगाड्या लागणार, हे उघड होतं.

आता नावावरून जुंपली. देवाची नावं आजूबाजूच्या गल्ल्यांनी आधीच वाटून घेतलेली होती. महापुरुषांच्या नावाची मंडळं गावात इतकी, की एकाची आरती दुसऱ्याच्या मांडवात व्हायची. एकाने स्वतःच्या आजोबांचं नाव सुचवलं, त्याबरोबर बाकीच्यांनाही आपापले आजोबा आठवले. मी खिडकीतून ऐकत होतो. "ड्यूड, तुझ्या आजोबांनी केलं काय?" "ड्यूड, तू गप बस." "अरे ड्यूड, ऐक तर!" भांडतानासुद्धा सगळे एकमेकांना त्या एकाच शब्दाने हाक मारत होते, आणि त्या ओट्यावर एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती. अखेर चहाची दुसरी फेरी संपता संपता ठराव पास झाला. ड्यूड मित्र मंडळ.

मी बाहेर आलो. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे. माझ्या इंग्रजी ड्राफ्टला वरच्या साहेबांनी आजवर लाल रेघ मारलेली नाही. तेव्हा इंग्रजी भाषेची आपल्या ओट्यावर काही विटंबना होत असेल तर बघत बसणं मला शक्य नव्हतं.

"अरे, हे काय नाव आहे? उद्या देवासमोर कोणी अर्थ विचारला तर?"

"पप्पा, तेच तर," स्वराज म्हणाला. "अर्थ तुम्ही लिहून द्या. तुमच्यासारखं इंग्लिश कॉलनीत कोणाचंय?"

एकोणीस वर्षांच्या मुलाने बापाला पेट्रोल सोडून दुसरं काही मागणं हा आमच्या घरातला पहिलाच प्रसंग होता. मी विरघळलो. त्यात शेजारचे बहिरूभाऊ तिथेच होते. हे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यामुळे कोणताही कागद आधी उजेडाकडे धरून बघतात आणि मग बोलतात. त्यांनी पोरांचा कोरा अर्ज उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "थेटे, नुसता अर्थ नको. उगम पण लिहा. उगम असला की कागदाला वजन येतं."

झालं. मी उगमाच्या मागे लागलो. आधी वाचनालयात जाऊन सगळ्यात जाड डिक्शनरी काढायला लावली. शब्द सापडला, पण त्याने समाधान होईना. मग बहिरूभाऊ म्हणाले की हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं, म्हणून आम्ही दोघे सायबर कॅफेत गेलो. तिथली खोपटी कॉलेजच्या जोडप्यांच्या मापाने बांधलेली असतात. पन्नाशी उलटलेले दोन पुरुष त्या खोपट्यात गुडघ्याला गुडघा लावून बसले, पडदा ओढून घेतला (कारण ऊन येत होतं), आणि आतून "अजून खाली घ्या, अजून खाली" असे आवाज येऊ लागले, तेव्हा मालक दोनदा डोकावून गेला. माझ्या इभ्रतीला त्या दिवसापासून जी उतरती कळा लागली ती पुढे थांबलीच नाही.

पण शब्द मात्र मोठा रंगेल निघाला. अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात, अठराशे त्र्याऐंशीच्या सुमारास तो एकाएकी लोकांच्या तोंडी आला. अंगावर भारी कोट, डोक्याला हॅट, हातात छडी, आणि डोक्यात विशेष काही नाही, अशा छानछोकी पोरांना तिथले लोक ड्यूड म्हणून चिडवत. तो आला कुठून, यावर विद्वानांचं भांडण आहे. कोणी म्हणतं कपड्यांसाठी असलेल्या एका जुन्या शब्दावरून, कोणी म्हणतं खुळ्या माणसाला डूडल म्हणत त्यावरून. पुढे हा शब्द गुरांच्या मळ्यांवर गेला. शहरातून हवापालटाला येणारा आणि गाय कुठल्या बाजूने धरायची हे न कळणारा जो पाहुणा, त्याला मळ्यावरचे गडी ड्यूड म्हणू लागले. तिथून फिरत फिरत तो समुद्राच्या लाटांवर फळ्या घेऊन खेळणाऱ्या पोरांकडे आला, आणि शेवटी त्याचा अर्थ इतका पातळ झाला की आता मित्र, गडी, कोणीही, समोर उभा असेल तो ड्यूड.

हे सगळं मी शासकीय मराठीत उतरवलं. शासकीय मराठीत फापटपसारा चालत नाही. टिपण असं झालं: "ड्यूड. प्रथम आढळ न्यूयॉर्क, सन १८८३. मूळ अनिश्चित, विद्वानांत मतभेद. आरंभी कोट, हॅट, छडी यांकरिता प्रसिद्ध. तदनंतर पश्चिमेकडील मळ्यांवर वावर. पुढे तरुण वर्गात मिसळून अत्यंत लोकप्रिय. सध्या सर्वत्र आढळ." बहिरूभाऊंनी कागद उजेडाकडे धरला आणि मान डोलावली. मला स्वतःलाही तो माझ्या नोकरीतला सर्वोत्तम ड्राफ्ट वाटला.

ज्या कचेरीत नोंदणी होते तिचं नाव मी घेणार नाही, कारण अजून तिथे काम पडतं. स्वराजला घेऊन मी तिथे गेलो. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी माझं टिपण मन लावून वाचलं. इतकं मन लावून की मला बरं वाटलं. मग चष्मा काढून, जरा हळव्या आवाजात त्यांनी विचारलं, "हयात आहेत का?"

"कोण?"

"हेच. ड्यूड."

"अहो, तो माणूस नाही. शब्द आहे."

"साहेब, इतकी वर्षं मी या टेबलावर आहे. मंडळ देवाच्या नावाने असतं नाहीतर माणसाच्या. ड्यूड देव आहेत का?"

"नाही."

"मग झालं की." त्यांनी माझ्याच टिपणावर बोट ठेवलं. "अठराशे त्र्याऐंशीचा जन्म. म्हणजे आता कुठून असणार बिचारे." आणि मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी नावाआधी ठळक अक्षरात 'कै.' घातलं. "गेले ते एका अर्थी तुमच्या पथ्यावरच पडलं. हयात असते तर त्यांची संमती आली, रहिवासाचा दाखला आला, वारसांच्या सह्या आल्या."

"अहो पण, जो जन्मलाच नाही तो वारेल कसा?"

"जन्माचं खातं वेगळं आहे," भाऊसाहेब म्हणाले. "ते पलीकडच्या इमारतीत."

मी म्हणणार होतो की माझा अर्ज परत द्या. इंग्रजी भाषेशी मी इतकं तरी इमान राखायला हवं होतं. पण तेवढ्यात स्वराजने माझी बाही ओढली आणि शेजारच्या टेबलाकडे मान उडवली. तिथे मेव्हणा उभा होता, काखेत नकाशाची गुंडाळी, आणि तिथला कारकून त्याच्यासाठी खुर्ची पुसत होता. मी तोंड मिटलं. भाऊसाहेबांनी शिक्का मारला आणि सांगितलं, "मांडवात साहेबांचा फोटो लावा, मोठा. नावाचं मंडळ आणि फोटो नाही असं दिसलं की तपासणीवाले शंका काढतात."

फोटोचं काम मी पोरांवर सोपवलं. माझं काम शब्दाचं, फोटोचं नव्हे, अशी माझी भूमिका होती. ती मला भोवली.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी आमच्या सौभाग्यवती, दीपमाला, दूर्वा आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि दूर्वा न घेताच परत आल्या. चेहरा पांढराफटक. मला सोफ्यावर पेपर वाचताना बघून त्यांनी आधी माझ्या हाताला हात लावून पाहिला.

"अहो, तुम्ही बाहेर चला. आत्ताच्या आत्ता."

बाहेर मांडवाच्या तोंडाशी दुमजली उंचीचा फ्लेक्स उभा होता. त्यावर मी होतो. लग्नाआधी दीपमालाच्या माहेरी, सायखेड्याला, स्थळासाठी पाठवायला म्हणून स्टुडिओत काढलेला माझा फोटो. कोट स्टुडिओचा, हॅट स्टुडिओची, छडीही स्टुडिओची. केस तेवढे माझे. डोळ्यांना गॉगल, आणि नजर अशी की जणू समोर गोदावरी नसून टेम्स वाहते आहे. फोटोभोवती झेंडूचा छापील हार, आणि वर लिहिलेलं, "कै. ड्यूड साहेब यांना विनम्र अभिवादन." खाली मार्गदर्शक म्हणून माझा आताचा, टक्कल पडलेला फोटोही होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. सकाळपासून अख्खी कॉलनी त्या फ्लेक्सखालून गेली होती, आणि वरचा व खालचा माणूस एकच आहे असा संशयही कोणाला आला नव्हता. मला खरं दुःख त्याचंच झालं.

"पप्पा, तुम्हीच लिहिलं होतं ना, कोट, हॅट, छडी," स्वराज डोकं खाजवत म्हणाला. "असा फोटो घरात एकच होता. फ्लेक्सवाला म्हणाला, एकदम ओरिजिनल वाटतोय."

दीपमाला मात्र रडवेली झाली होती. "माझं कुंकू जागेवर आहे आणि तुम्ही पोरांनी यांना हार घातला? काढा तो आधी. नाहीतर मी कात्री घेऊन चढते."

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला चुकून उदबत्तीचा धूर लागला तरी बायका मीठमोहऱ्या ओवाळतात, आणि इथे तर दुमजली हार होता. काही झालं तरी आपल्याच फोटोवर 'कै.' असं वाचायला मजा येत नाही. मी शिडी मागवली. बहिरूभाऊ म्हणाले, शिडी नका लावू, उत्तरेकडे तोंड करून लावलेला फोटो दिवसा उतरवत नाहीत. हा नियम कुठला, ते विचारायच्या आत गाड्यांचा आवाज आला. नाथाअण्णा आले होते. पोरांनी रीत म्हणून त्यांना आरतीला बोलावलं होतं, आणि मेव्हणा त्यांना वेळेच्या आधीच घेऊन आला होता, टेपसह. मांडव किती जागा खातो ते मोजून आक्षेप घ्यायचा, असा बेत होता.

पण नाथाअण्णा गाडीतून उतरले आणि त्यांची नजर फ्लेक्सवर गेली. पंचवीस वर्षं सार्वजनिक जीवनात काढलेल्या माणसाचे हात हार घातलेला फोटो दिसला की आपोआप जुळतात. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले, क्षणभर स्तब्ध उभे राहिले आणि पुढे होऊन माईक हातात घेतला. स्वराजने प्रसंगावधान राखून माझं टिपण त्यांच्या समोर धरलं.

"ड्यूड साहेब आज आपल्यात नाहीत," अण्णा म्हणाले. "पण मी विचारतो, विचार मरतो का? साहेबांचा जन्म कुठं झाला? न्यूयॉर्कला! काय कमी होतं? कोट होता, हॅट होती, छडी होती. तुम्ही आम्ही असतो तर तिथंच मजा मारत बसलो असतो. साहेब कुठं गेले? मळ्यावर गेले! गुराढोरांत गेले! शेतकऱ्यात गेले!"

टाळ्या पडल्या.

"त्यांच्या मुळाबद्दल काही विद्वान लोक शंका घेतात. घेऊ द्या! मोठ्या माणसाचं मूळ विचारायचं नसतं. आमच्या वडलांचे आणि ड्यूड साहेबांचे तर घरचे संबंध होते. साहेब नाशकात आले की उतरायचे आमच्याकडंच."

मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो. आपल्याबद्दल चार चांगले शब्द कोणी बोलावेत असं कोणाला वाटत नाही? पाटबंधारे खात्यात माझ्याबद्दल कधी कोणी बोललं नव्हतं. मी खांबामागे शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं, खोटं कशाला सांगू.

एवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि तीतून माझ्या सासूबाई उतरल्या. कुसाबाई, मुक्काम सायखेडा. मी त्यांना मामी म्हणतो. दर गणपतीला येतात, लेकीसाठी वांगी, मेथी, शेवग्याच्या शेंगा घेऊन. त्यांना वाचता येत नाही, पण फोटो ओळखता येतो. हा फोटो तर त्यांच्याच घरी पत्राच्या पाकिटात आला होता. त्यांनी फ्लेक्स पाहिला, हार पाहिला, समोर मान खाली घालून उभा असलेला जमाव पाहिला, आणि हातातली पिशवी सोडून दिली. वांगी थेट नाथाअण्णांच्या पायापर्यंत घरंगळत गेली.

"आगं माझे बाई! आगं कसं सोन्यासारखं माणूस गेलं गं! मला कोणी फोन बी नाय केला गं!"

नाथाअण्णांचे डोळे चमकले. ते स्वतः पुढे झाले, मामींना हात धरून माईकपाशी आणलं. "बघा! ही खेड्यातली माउली बघा! हिला कोणी सांगितलं रडायला? आजी, तुम्ही साहेबांना पाहिलं होतं?"

"पाह्यलं म्हंजी?" मामी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या घरी जेवलेत की रं! पहिल्यांदा आले तव्हा असाच डगला घालून आले. ऐन उन्हाळ्यात. सारं गाव पाह्याला जमलं. मळा पाहतो म्हणले आन् पाटात पडले. गायीनं नुसती मान हलवली तं बांधावर जाऊन उभे राहिले. पण लय गरीब स्वभाव! कधी उलटून बोलले नाय कोणाला."

"मळ्यावर वावर!" नाथाअण्णा टिपण उंचावून ओरडले. "इथं लिहिलंय! हा घ्या साक्षीदार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटात पडल्याची गोष्ट मी तीस वर्षं कॉलनीपासून लपवून ठेवली होती. ती आता कर्ण्यावरून गंगापूर रोडपर्यंत गेली. पण मला त्याचं काही वाटेना, कारण समोर एक म्हातारी माझ्यासाठी खरंखुरं रडत होती. मी गेल्यावर माझ्यासाठी इतकं कोणी रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि सासू रडेल असं तर मुळीच नाही. मला तिथे उभं राहवेना.

टाळ्या न वाजवणारा तिथे एकच माणूस होता. मेव्हणा. तो टेप हातावर आपटत पुढे आला आणि त्याने गोड आवाजात विचारलं, "आजी, साहेब तुमचे नक्की कोण लागत होते?"

त्या प्रश्नावर सगळं टांगलेलं होतं. मामी खरं बोलल्या की मंडळ बोगस, परवानगी रद्द, आणि प्लॉट मेव्हण्याचा. आणि मी पुढे आलो नाही तर म्हातारी आपल्या लेकीला विधवा समजून इथेच कोसळायची. स्वराजचा चेहरा उतरला. मी दीपमालाकडे पाहिलं. तिने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग माझ्या पाठीत दोन्ही हातांनी असा धक्का दिला की मी खांबामागून निघून थेट मामींच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"आईला दिसा आधी," ती मागून म्हणाली. "प्लॉटचं मागाहून बघू."

मामी रडायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर फोटोकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. लेकीच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं. नातवाने जोडलेले हात पाहिले. मग त्यांची नजर मेव्हण्याच्या हातातल्या टेपवर गेली आणि तिथे थांबली. सायखेड्यात जन्म गेलेल्या बाईला माणसाच्या हातातली टेप कशासाठी असते ते सांगावं लागत नाही. बांधावरून झालेली भांडणं मामींनी मेलेल्या नवऱ्याच्या माघारी एकटीने निस्तरली होती.

त्यांनी नाक पुसलं आणि पदर खोचला.

"माझे कोण लागायचे ते तुला काय करायचं रं? तू मोजायला आला का रडायला?" मग माझ्या टकलाकडे टक लावून, एक सुस्कारा सोडून म्हणाल्या, "त्या फोटूतला माणूस गेला, बाबा. गेला तो गेलाच. तसे केस नाय, तसा रुबाब नाय. लेकीच्या लग्नापासून पाहते मी, परत कुठं दिसला नाय."

बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. बहिरूभाऊंनीही रुमाल काढला, आणि त्यांना तर सगळं माहीत होतं. नाथाअण्णांनी माईकवरून जाहीर करून टाकलं, की ज्या साहेबांचे आमच्या वडलांशी घरचे संबंध होते त्यांच्या नावाने या जागेवर स्मृती उद्यान होणार, आणि या उद्यानाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिलं तर गाठ आपल्याशी आहे. बोलून झाल्यावर त्यांना मेव्हण्याचा चेहरा दिसला. पण आपल्याकडे जिवंत माणसाला दिलेला शब्द फिरवता येतो, मेलेल्याला दिलेला फिरवता येत नाही. मेव्हण्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. ती पुन्हा आमच्या प्लॉटवर दिसली नाही.

दीपमाला अर्थात गप्प बसली नाही. आरती झाल्याबरोबर ती मीठमोहऱ्या आणि मिरच्या घेऊन आली आणि भर मांडवात फ्लेक्सची दृष्ट काढली. कॉलनीतल्या बायकांना वाटलं की ही या दैवताची रीत असावी. दुसऱ्या दिवसापासून त्याही मिरच्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि आता दर वर्षी पुण्यतिथीला ड्यूड साहेबांची दृष्ट काढण्याचा कार्यक्रम असतो. मी हजर असतो. मिरच्यांनी सगळ्यात जास्त खोकला मलाच येतो.

माझ्यातला हेडक्लार्क मात्र स्वस्थ बसेना. विसर्जन झाल्यावर मी कचेरीत एक रीतसर अर्ज टाकला, की ड्यूड हा इंग्रजी बोलीभाषेतला शब्द असून व्यक्ती नाही, तरी नावाआधीचं 'कै.' वगळावं. उत्तर लवकर आलं, हेच आश्चर्य. ड्यूड यांच्या निधनाबाबत हरकत असल्यास त्यांना सोबत घेऊन समक्ष भेटावे. मी तो कागद बहिरूभाऊंना दाखवला. त्यांनी उजेडाकडे धरला आणि म्हणाले, खरा आहे.

उद्यानात पक्की पाटी लागली, तेव्हा फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न आला. दीपमालाला तो घरात नको होता, आणि स्वतःला कचराकुंडीत टाकायला मी तयार नव्हतो. मामी म्हणाल्या, "टाकता कशापायी? माझ्याकडं द्या." आणि गुंडाळी करून, रिक्षाच्या टपाला बांधून घेऊन गेल्या. आपल्याला जावयाचा इतका लळा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन दिवस घरात जरा छाती काढून चाललो.

दिवाळीला सायखेड्याला गेलो. आदल्या संध्याकाळी अवकाळी सर येऊन गेली होती आणि सकाळी पुन्हा भुरभुर सुरू होती. चहा घेऊन मागच्या अंगणात गेलो, तर नव्या कांद्याच्या ढिगावर मी उताणा पडलो होतो. कोट, हॅट, छडी, गॉगल, भोवती झेंडूचा हार. माझ्या अंगावरून पावसाचं पाणी ओघळून दोन्ही बाजूंनी जमिनीवर पडत होतं, आणि खाली कांदा ठणठणीत कोरडा होता.

मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ढिगाकडे कौतुकाने पाहिलं.

"तव्हा मळ्यात आले तं काय कामाचे नव्हते," त्या म्हणाल्या. "आता बघा. एक थेंब आत जाऊ देत नाय."

हॅटकडचा एक कोपरा वाऱ्याने फडफडत होता. मी बांधावरचा एक दगड उचलून आणला आणि त्यावर ठेवला.